पाकिटाची मागची बाजू: पहिल्यांदा कुत्रा पाळणाऱ्यांसाठी खाण्याची निवड

पिल्लू घरात आलं की त्या दिवशी घरातलं प्रत्येक माणूस आहारतज्ज्ञ होतं. आजी दुधात पोळी कुस्करायला बसते. वरच्या मजल्यावरचे काका "रोज एक कच्चं अंडं द्या, केस कसे चमकतात बघा" असं सांगून जातात. दुकानदार दहा किलोची बॅग काउंटरवर ठेवतो आणि शेजारी कॅल्शियमची बाटली, कारण "सगळेच नेतात". माझं पहिलं पिल्लू आलं तेव्हा मी हे तिन्ही सल्ले एकाच आठवड्यात अमलात आणले. आठव्या दिवशी त्याचं पोट असं बिघडलं की डॉक्टरांनी आधी मला त्याच्या खाण्याची यादी लिहायला बसवलं आणि मगच त्याला तपासायला घेतलं.

नंतर एक लॅब्राडॉर आणि दोन गावठी कुत्री हाताखालून गेली. एवढ्या काळात एक गोष्ट पक्की समजली. पाकिटाची पुढची बाजू माणसासाठी छापलेली असते आणि मागची कुत्र्यासाठी. पुढे चमकदार केसांचा गोल्डन रिट्रीव्हर, ताज्या गाजरांचे तुकडे, "प्रीमियम", "नॅचरल", "होलिस्टिक" वगैरे. खरी माहिती मागे, मुंगीएवढ्या अक्षरांत. ती वाचायला अर्धा तास द्यावा लागतो, तोही एकदाच.

पहिला आठवडा: आहे तेच चालू द्या

पिल्लू आणायला जाल तेव्हा ते काय खातं हे नुसतं विचारून येऊ नका, त्यातलं चार-पाच दिवस पुरेल एवढं मागून आणा. आई सुटली, भावंडं सुटली, वास नवे, माणसं नवी. त्यात खाणंही नवं आलं की पोट बंड करतं. जुनं खाणं तुम्हाला सुमार वाटलं तरी सुरुवातीला तेच द्या. कुत्र्यांच्या पैदाशीबाबत २०१७ साली आलेल्या केंद्राच्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. "लहान असतानाच नेलं की लळा लवकर लागतो" असं म्हणत कुणी पाच आठवड्यांचं पिल्लू हातात देत असेल, तर त्याचा खाण्याविषयीचा सल्लाही तिथेच सोडून या.

मग सात ते दहा दिवसांत हळूहळू बदल करा. पहिले दोन-तीन दिवस पाव हिस्सा नवं आणि बाकी जुनं, पुढे निम्मं-निम्मं, मग पाऊण नवं, मग पूर्ण नवं. मध्येच शी पातळ झाली तर एक पायरी मागे या.

रस्त्यावरून उचललेल्या पिल्लाचं जुनं खाणं कुणालाच ठाऊक नसतं. पपी फूडचे दाणे कोमट पाण्यात वीसेक मिनिटं भिजवून, मऊ करून, थोडं थोडं द्या. अशा पिल्लाचं पोट फुगलेलं दिसलं की लोक "छान गुटगुटीत आहे" म्हणतात. बहुतेक वेळा ते जंत असतात, तेव्हा जंताचं औषध आधी.

दुधाबद्दल आजीशी वाद घालावा लागेल, तो प्रेमाने घाला. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारं विकर पिल्लाचं दूध सुटू लागलं की कमी होत जातं. शिवाय कुत्रीचं दूध गाईच्या दुधापेक्षा कितीतरी दाट असतं. त्यात प्रथिनं दुपटीहून जास्त, चरबीही तशीच आणि लॅक्टोज मात्र कमी. म्हणजे दूध-पोळीत पिल्लाला हवं ते कमी मिळतं आणि नको ते जास्त. ताकाने किंवा चमचाभर दह्याने सहसा त्रास होत नाही. आजीचा मान राखायला दही बरं.

तीन-चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा आणि पुढे दोन वेळा खाणं पुरतं. वेळ ठरलेली ठेवा आणि पंधरा-वीस मिनिटांनी भांडं उचला. दिवसभर भांडं भरलेलं राहिलं तर पिल्लाने कधी खाणं सोडलं हेच तुम्हाला कळणार नाही, आणि आजाराची पहिली खूण तीच असते. उलट्या आणि रक्त पडणारी, घाण वासाची शी असेल तर खाणं बदलत बसू नका. तो पार्व्हो, म्हणजे पिल्लांना होणारा विषाणूचा जीवघेणा आजार, असू शकतो आणि त्यात तासांना किंमत असते.

कुणासाठी घेताय ते आधी ठरवा

दुकानात शिरण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरं हवीत: वय किती, आणि मोठेपणी वजन किती होणार?

लहान जातीची कुत्री साधारण वर्षभरात मोठी होतात. लॅब्राडॉर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर यांना सव्वा ते दीड वर्ष लागतं आणि ग्रेट डेनसारख्या अवाढव्य जातींना दोन वर्षांपर्यंत. तोपर्यंत पपी फूड. मोठ्या कुत्र्याचं खाणं पिल्लाला घालून पैसे वाचत नाहीत, पुढे हाडांच्या डॉक्टरकडे जातात.

मोठ्या जातीच्या पिल्लाची गोष्ट वेगळी आहे आणि इथेच आपल्याकडे सगळ्यात जास्त नुकसान होतं. लहान पिल्लाचं आतडं कॅल्शियम हवं तेवढंच घ्यायचं आणि बाकीचं सोडून द्यायचं, हे अजून शिकलेलं नसतं. जितकं पोटात जाईल त्यातलं बरंचसं शोषलं जातं. चांगलं पपी फूड चालू असताना वर दोन चमचे कॅल्शियमचं सिरप दिलं तर ते हाडांच्या वाढीतच गोंधळ घालतं: पाय वाकडे होतात, सांधे बिघडतात. "जात मोठी आहे, हाडं मजबूत व्हायला हवीत" म्हणून ते दिलं जातं आणि नेमकं उलटं होतं. पूर्ण आहाराच्या दाण्यांवर कॅल्शियमची बाटली नको. डॉक्टरांनी लिहून दिली तर कारण विचारा.

मोठेपणी ३२ किलोच्या पुढे जाणाऱ्या पिल्लासाठी पाकिटावर "लार्ज ब्रीड पपी" असं लिहिलेलं खाणं घ्या. त्यात कॅल्शियमला वरची मर्यादा घातलेली असते. आपली गावठी कुत्री बहुधा १५ ते २५ किलोंत थांबतात, त्यांना मध्यम आकाराचं साधं पपी फूड चालतं.

आता पाकीट उलटं करा

आपल्याकडे कुत्र्याच्या कुठल्याही सुक्या खाण्याला लोक "पेडिग्री" म्हणतात, जसं वनस्पती तुपाला डालडा. त्यामुळे नवख्याला वाटतं की सगळे दाणे एकच, फरक फक्त किमतीचा. तसं नाही.

सगळ्यात आधी "कम्प्लीट अँड बॅलन्स्ड" किंवा "कम्प्लीट फूड" हे शब्द शोधा. याचा अर्थ दुसरं काही न देता फक्त या खाण्यावर कुत्रा जगू शकतो. "कॉम्प्लिमेंटरी", "ट्रीट" किंवा "टॉपर" लिहिलेलं असेल तर ते तोंडी लावणं. ग्रेव्हीच्या छोट्या पाऊचमध्ये ही फसगत फार होते. कुत्रा आवडीने खातो म्हणून घरचे रोज तेच देतात आणि पाऊच निघतो पूरक आहाराचा.

त्याच ओळीच्या आसपास आफको किंवा युरोपातल्या पाळीव प्राण्यांच्या खाद्य उत्पादकांची संघटना फेडियाफ ही नावं दिसतात का बघा. आफको ही अमेरिकेतल्या पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांची संघटना. ती कुठल्याही खाण्याला प्रमाणपत्र देत नाही, फक्त किमान पोषणाचे आकडे ठरवते. त्यामुळे "आफको प्रमाणित" असं कुणी छापलं असेल तर मला उलट संशय येतो. पाणी वगळून उरलेल्या भागात पिल्लांसाठी किमान २२.५ टक्के प्रथिनं आणि ८.५ टक्के चरबी, मोठ्या कुत्र्यांसाठी १८ आणि ५.५ टक्के, असे तिचे आकडे आहेत. हे किमान आहेत, बहुतेक बरी खाणी याच्या वर असतात.

"पाणी वगळून" हे शब्द महत्त्वाचे. समजा, दाण्यांच्या बॅगेवर प्रथिनं २४ टक्के आणि ओलावा १० टक्के आहे. म्हणजे कोरड्या ९० भागांत २४, भागाकार केला की जवळपास २७ टक्के. शेजारच्या ओल्या पाऊचवर प्रथिनं फक्त ८ टक्के, पण ओलावा ८० टक्के. कोरडे भाग २०, त्यात ८, म्हणजे ४० टक्के. दिसायला गरीब वाटणारा पाऊच प्रत्यक्षात श्रीमंत निघाला. हा हिशेब केल्याशिवाय दोन वेगळ्या प्रकारच्या खाण्यांची तुलना करू नये.

प्रथिनांचा आकडाही पूर्ण सत्य सांगत नाही. प्रयोगशाळेत मोजतात तो नायट्रोजन, आणि त्यावरून प्रथिनांचा अंदाज बांधतात. २००७ साली अमेरिकेत याच फटीतून मोठा अनर्थ घडला. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्ये मेलामाइन हे रसायन मिसळलं होतं. त्यात नायट्रोजन भरपूर, त्यामुळे कागदावर प्रथिनं वाढली. ते खाणं खाऊन कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि बाजारातून प्रचंड माल परत मागवावा लागला. म्हणून आकड्याच्या जोडीला घटकांची यादी वाचायची.

यादीत वजनाने जास्त असलेला घटक आधी येतो. पहिल्या दोन-तीन नावांत एखाद्या प्राण्याचं स्पष्ट नाव हवं: चिकन, चिकन मील, मासे, अंडी. नुसतं "मीट अँड मीट बाय-प्रॉडक्ट्स" असेल तर कुठल्या जनावराचं काय, हे दर महिन्याला बदलू शकतं. "मील" या शब्दाला मात्र घाबरू नका. ते पाणी काढून दळलेलं मांस असतं. ताज्या चिकनमध्ये सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असल्याने ते वजनात जड भरतं आणि यादीत वर बसतं, शिजून वाळल्यावर त्याचा वाटा कितीतरी कमी होतो. आणखी एक क्लृप्ती ओळखा: तांदूळ, तांदळाची कणी, तांदळाचा कोंडा अशी एकाच धान्याची तीन नावं वेगळी लिहिली की प्रत्येक जण खाली सरकतो आणि चिकन पहिल्या नंबरवर येतं. तिन्ही एकत्र धरले तर ते भाताचंच पाकीट ठरतं.

"ग्रेन-फ्री" म्हणजे धान्याविना असलेलं खाणं आता आपल्याकडेही चढ्या भावाने विकलं जातं. गव्हाची किंवा मक्याची खरी ॲलर्जी असलेली कुत्री थोडी, खाण्याची ॲलर्जी असलीच तर जास्त करून चिकनसारख्या प्राणिज प्रथिनांचीच असते. जुलै २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वाटाणे, मसूर, बटाटे यांवर आधारलेल्या अशा खाण्यांचा आणि हृदय पसरट होण्याच्या आजाराचा संबंध तपासायला घेतला. कार्यकारणभाव सिद्ध झाला नाही, शंकाही पूर्ण मिटली नाही. भात-भाकरीच्या प्रदेशात वाढलेल्या कुत्र्याला धान्याविना ठेवायला जादा पैसे मोजावेत असं मला तरी वाटत नाही.

शेवटी कॅलरी. "१०० ग्रॅममध्ये इतक्या कॅलरी" हे बऱ्याच पाकिटांवर नसतंच. तेव्हा स्वतः काढा. प्रथिनं, चरबी, तंतू, ओलावा आणि राख (म्हणजे खनिजं) यांची बेरीज शंभरातून वजा केली की उरलेली पिष्टं. राख छापली नसेल तर ८ धरा. मग प्रथिनं गुणिले साडेतीन, चरबी गुणिले साडेआठ, पिष्टं गुणिले साडेतीन. आपल्या २४ टक्के प्रथिनांच्या बॅगेत चरबी १० आणि तंतू ५ असतील तर पिष्टं ४३ येतात आणि कॅलरी साधारण ३२०. हा आकडा बॅगेवर पेनाने लिहून ठेवा, पुढे लागेल.

यानंतरही दोन कंपन्यांमध्ये अडलात तर ग्राहक सेवेला ई-मेल करा. जगभरच्या छोट्या प्राण्यांच्या पशुवैद्यकांची संघटना, वसावा, हेच प्रश्न विचारायला सांगते: आहार कोणी आखला, त्यांचं शिक्षण काय, कारखाना तुमचाच की दुसऱ्याचा, प्रत्येक घाण्याची तपासणी होते का? नीट उत्तर देणारी कंपनी आणि "आमचं उत्पादन उत्तम आहे" एवढंच कळवणारी कंपनी, दोन दिवसांत वेगळ्या दिसतात.

स्वस्त कुठलं, महाग कुठलं

किलोचा भाव बघून फसू नका, दिवसाचा खर्च काढा. उदाहरण म्हणून, २० किलोच्या, नसबंदी झालेल्या कुत्र्याला दिवसाला साधारण १०६० कॅलरी लागतात. अ बॅग २५० रुपये किलो, १०० ग्रॅममध्ये ३२० कॅलरी, म्हणजे रोज ३३० ग्रॅम, ८३ रुपये. ब बॅग ३२० रुपये किलो, पण ४०० कॅलरी, म्हणजे रोज २६५ ग्रॅम, ८५ रुपये. किलोमागे सत्तर रुपयांचा फरक दिवसाला दोन रुपयांवर आला. वर शीसुद्धा कमी, आणि रोज सकाळी पिशवी घेऊन मागे वाकणाऱ्याला ही काही लहान गोष्ट नाही.

शीवरूनच खाण्याची प्रत सगळ्यात लवकर कळते. घट्ट, आकार धरलेली, उचलल्यावर जमिनीवर डाग न ठेवणारी असेल तर खाणं पचतंय. दिवसातून पाच-पाच वेळा, ढीगभर, भुसभुशीत असेल तर तुम्ही विकत घेतलेलं बरंचसं बागेतच जातंय.

पावसाळा आणि सुटे दाणे

मोठी गोणी फोडून दाणे सुटे विकणारी दुकानं गावोगाव आहेत. स्वस्त पडतात, पण त्यांची तारीख, बॅच, घटक यातलं काहीच तुमच्या हाती येत नाही. जुलैत कोकणात किंवा मुंबईत मीठ जसं पाणी सोडतं तसेच हे दाणे ओल धरतात. मका आणि शेंगदाणा पेंडीसारख्या घटकांवर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते, ते यकृत खातं आणि शिजवूनही जात नाही. म्हणून बंद बॅग घ्या, फोडल्यापासून महिना-सव्वा महिन्यात संपेल एवढीच. दाणे डब्यात ओतू नका, बॅगच गुंडाळून चिमटा लावून डब्यात ठेवा. डब्याच्या तळाशी चिकटलेलं जुनं तेल नव्या दाण्यांनाही खवट करतं आणि बॅगेवरची तारीख हाताशी राहते ती वेगळीच. खवट वास आला की बॅग गेली असं समजा.

घरचं खाणं: इथे जरा थांबू

"आमच्या गावची कुत्री भाकरी-आमटीवर जगली" हे वाक्य तुम्हाला ऐकवलं जाईलच. जगली, खरं आहे. पण ती उकिरड्यावर, खाटकाच्या दुकानामागे, शेतातल्या उंदरांवर काय काय मिळवत होती ते आपण मोजलं नाही, आणि किती पिल्लं वर्ष पूर्ण करू शकली नाहीत तेही मोजलं नाही. फ्लॅटमधल्या कुत्र्याला तुम्ही द्याल तेवढंच मिळतं.

घरचं खाणं म्हणजे आपल्याकडे बहुतेक वेळा चिकन-भात. नुसत्या मांसात १०० ग्रॅममागे कॅल्शियम १५ मिलिग्रॅमच्या आसपास आणि फॉस्फरस २०० च्या आसपास असतो. पिल्लाला मात्र कॅल्शियम फॉस्फरसच्या किमान बरोबरीने आणि जास्तीत जास्त दुप्पट लागतं. रक्तात कॅल्शियम कमी पडलं की शरीर ते हाडांतून काढतं. वरून पिल्लू छान भरलेलं दिसतं आणि एक दिवस सोफ्यावरून उडी मारताना पाय मोडतो. आधी सिरप नको म्हणालो आणि आता कॅल्शियम कमी पडतं म्हणतोय, यात विसंगती नाही. पूर्ण आहाराच्या दाण्यांत ते मोजून घातलेलं असतं, चिकन-भातात ते नसतंच.

नाचणी? धान्यांत कॅल्शियमचं प्रमाण तिच्यात खरोखर जास्त, १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. पण तिच्यात फॉस्फरसही बराच आहे आणि धान्यातल्या फायटेट नावाच्या घटकामुळे सगळं कॅल्शियम अंगी लागत नाही. नाचणीचं सत्त्व म्हणजे पिल्लाचा आहार नव्हे, भाताला बदल म्हणून ठीक.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी २०१३ साली कुत्र्यांच्या घरगुती खाण्याच्या २०० पाककृती तपासल्या. त्यांतल्या ९५ टक्के पाककृतींत किमान एक तरी आवश्यक पोषक घटक कमी निघाला, आणि त्यांतल्या बऱ्याच पाककृती पशुवैद्यकांनीच लिहिलेल्या होत्या. म्हणून माझं मत सरळ आहे: वाढ पूर्ण होईपर्यंत पूर्ण आहाराचे दाणे, घरचं खाणं वरून चवीपुरतं. मोठ्या कुत्र्याला घरचंच द्यायचं असेल तर पशुपोषण शिकलेल्या डॉक्टरांकडून वजनानुसार प्रमाण लिहून घ्या. त्यात जस्त, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्वांची पूड असतेच. अंदाज यावा म्हणून सांगतो, मोठ्या कुत्र्याला १००० कॅलरींमागे सव्वा ग्रॅम कॅल्शियम लागतं आणि अंड्याच्या कवचाच्या सपाट चमचाभर बारीक पुडीत दोन ग्रॅमच्या आसपास असतं.

वरून द्यायला आपल्या बाजारात खूप काही आहे. वाफवलेला लाल भोपळा, गाजर, उकडलेलं अंडं, काटे काढून शिजवलेला बांगडा किंवा तारली. या माशांतली चरबी कातडीला आणि सांध्यांना चांगली. कलेजी आठवड्यातून एक-दोनदा, सुपारीएवढ्या तुकड्यांत, कारण अ जीवनसत्त्व साठून त्रास होतो. काकांचं कच्चं अंडं मात्र नको: कच्च्या पांढऱ्यातला एक घटक बायोटिन हे जीवनसत्त्व बांधून ठेवतो आणि साल्मोनेला या जंतूची भीती वेगळी. सुकट किंवा सुके बोंबील द्यायचे तर आधी पाण्यात भिजवून मीठ काढा.

खाटकाकडची छाटण कच्ची देऊ नका, ओळखीचा असला तरी. शेळ्या-मेंढ्यांच्या फुप्फुसांत आणि यकृतात हायडाटिडच्या गाठी असू शकतात. त्या खाऊन कुत्र्याच्या आतड्यात फीतकृमी वाढतात आणि त्यांची अंडी घरातल्या मुलांपर्यंत पोचतात. वजडी असो की फुप्फुस, नीट शिजवूनच. आणि शिजलेली हाडं कधीच नाहीत. ती सुईसारखी फाटतात.

शाकाहारी घरांचा प्रश्न मला खूप जण विचारतात. लांडग्याचा कुत्रा झाला त्याला बरीच हजार वर्षं झाली. कुत्र्याच्या शरीरात पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा जास्त असतात, हे २०१३ साली एका संशोधनात दिसलं. त्यामुळे मोठा कुत्रा नीट आखलेल्या शाकाहारी आहारावर राहू शकतो, आणि तसे पूर्ण आहाराचे दाणे बाजारात मिळतात. मांजराला ते जमत नाही. पण वरण-भात-तूप म्हणजे आखलेला आहार नव्हे, आणि पिल्लावर हा प्रयोग तर मुळीच नको. एका ओळखीच्या घरात आजींनी तोडगा काढला: चिकनचे दाणे गॅलरीतल्या डब्यात, त्याची वाटी वेगळी, ती धुण्याची घासणी वेगळी, आणि पूजेच्या दिवशी खाणं नातवाने घालायचं. सगळे सुखी आहेत, कुत्रा धरून.

प्रसादाचा शिरा आणि बाकी धोके

चॉकलेट घातक आहे हे आता बहुतेकांना माहीत असतं. शिऱ्यातले बेदाणे घातक आहेत हे माहीत नसतं. द्राक्षं, बेदाणे, मनुका यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पडू शकतात, आणि किती खाल्ल्यावर, हे कुत्र्यागणिक बदलतं. सत्यनारायणाचा प्रसाद, खीर, लाडू, सुक्यामेव्याचा डबा या सगळ्यांपासून त्याला दूर ठेवा. "एवढासा प्रसाद, देवाचा आहे" असं पाहुणे म्हणणार, तेव्हा दारातच सांगून ठेवा.

दुसरा धोका आपल्या रश्श्याचा. कांदा-लसूण तांबड्या पेशी फोडतात. किलोमागे १५ ग्रॅम कांद्यापासून त्रास दिसू लागतो, म्हणजे पाच किलोच्या कुत्र्याला एक मध्यम कांदा पुरतो. कांदा-लसूण मसाल्याचा रस्सा रोज भातावर ओतला तर हळूहळू तेच होतं. शिजवल्याने विष जात नाही. बिनसाखरेच्या च्युइंगगममधलं झायलिटॉल, दारू, चहा-कॉफी, कच्चं भिजवलेलं पीठ हेही टाळा. आणि मे महिन्यात आंब्याच्या कोयी: विष नव्हे, पण आतड्यात अडकली की शस्त्रक्रिया.

किती घालायचं

बॅगेवरचा तक्ता ढोबळ असतो आणि बहुधा सढळ. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर वजनाचा घन करा, त्याचं वर्गमूळ काढा, पुन्हा वर्गमूळ काढा, आणि ७० ने गुणा. तीन किलोचं पिल्लू: २७, मग ५.२, मग २.२८, मग १६०. चार महिन्यांच्या आतल्या पिल्लासाठी हे तिप्पट, नंतर वाढ पूर्ण होईपर्यंत दुप्पट, नसबंदी झालेल्या मोठ्या कुत्र्याला १.६ पट. तीन किलोच्या पिल्लाला म्हणजे ४८० कॅलरी, आणि तुम्ही बॅगेवर ३२० लिहून ठेवलंत ना? तर दिवसाचे १५० ग्रॅम, चार वेळांत वाटून. वाटीने नको, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजा.

खाऊ दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांत बसवा. एका ग्लुकोज बिस्किटात वीस-बावीस कॅलरी असतात. पाच किलोच्या मोठ्या कुत्र्याची दिवसाची गरज पावणेचारशे. चहाबरोबर बाबांचं एक, आईचं एक, मुलांची तीन, की पाव जेवण झालंच.

हिशेबानंतर हात. मुठीवरची हाडं चाचपून बघा: बरगड्या इतक्या टोकदार लागल्या तर कुत्रा हाडकुळा. तळहात उलटा करून पंजाच्या मागची हाडं लागतात तशा लागल्या तर बरोबर. तळव्याच्या गादीसारखं लागलं तर खाणं कमी करा. वरून बघताना कंबर आत गेलेली दिसली पाहिजे. कारवानी किंवा मुधोळ या सडपातळ शिकारी जातींचा असेल तर शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणं हीच त्याची ठेवण. शेजारी "उपाशी ठेवता का" विचारतील, हसून सोडून द्या. एका कंपनीने ४८ लॅब्राडॉर पिल्लांच्या जोड्या लावून त्यांना आयुष्यभर पाहिलं. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणं दिलं. कमी खाणारे सरासरी १३ वर्षं जगले, दुसरे ११.२. निष्कर्ष २००२ साली छापून आले, आणि माझ्या लॅब्राडॉरच्या केविलवाण्या नजरेसमोर मी अनेकदा हाच आकडा मनात म्हटला आहे.

पिल्लाचं वजन दर रविवारी घ्या. त्याला उचलून वजनकाट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा, वजाबाकी कालनिर्णयाच्या त्या चौकटीत लिहा. गॅस सिलिंडरची तारीख आणि दुधाचा खाडा लिहितो, तिथेच.